चौऱ्याहत्तर मिनिटे

आनेकलच्या जुन्या वस्तीत, तिम्मरायस्वामींच्या देवळापासून फारशा दूर नसलेल्या एका घरात, माजघराच्या खिडकीखाली एक लाकडी फळी आहे. तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या अठ्ठावीस डब्या ओळीने उभ्या केलेल्या आहेत. प्रत्येक डबी तळहातात मावेल एवढी, आणि प्रत्येकीच्या कडेला कानशीने पाडलेल्या खाचा. एक खाच असेल तर आत सकाळचे राग, दोन असतील तर दुपारचे, तीन संध्याकाळचे आणि चार रात्रीचे. कोपराच घासून गोल केलेला असेल तर नाट्यसंगीत. हे घर सांभाळणाऱ्या दोन भावंडांपैकी थोरल्या, ब्याऐंशी वर्षांच्या आक्कांना काचबिंदूमुळे गेली सहा वर्षे दिसत नाही. पहाटे चूळ भरून झाली की त्या फळीपाशी येतात, एका खाचेची डबी चाचपून काढतात, आतली चकती तिच्या चौकोनी कवचासह यंत्रात सरकवतात आणि अंगठ्याने एक कळ दाबतात. या साऱ्याला चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो आणि त्यात कोणाची मदत लागत नाही. त्यांच्या दिवसातली अशी फार थोडी कामे उरली आहेत.

ही चकती म्हणजे मिनीडिस्क. संगीत ऐकण्याच्या साधनांचा इतिहास लिहिणारे तिला एका परिच्छेदात संपवतात, आणि व्यापाराच्या हिशेबाने ते चूकही नाही. सोनी कंपनीने नोव्हेंबर १९९२ मध्ये जपानात ती बाजारात आणली तेव्हा कॅसेटची जागा ती घेईल अशी अपेक्षा होती. जपानात काही काळ तसे झालेही, युरोपात थोडेबहुत. भारतात मात्र ती हौशी लोकांच्या आणि परदेशी जाऊन येणाऱ्यांच्या सामानातूनच शिरली. इथे कॅसेट घराघरांत होती आणि तिच्यानंतर आली ती सीडी. त्यामुळे मराठीत या चकतीला नावसुद्धा पडले नाही. ग्रामोफोनच्या रेकॉर्डला ‘तबकडी’ हा सुरेख शब्द मिळाला. मिनीडिस्क ही मिनीडिस्कच राहिली. जी वस्तू स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही तिला भाषा शब्द देत नाही.

तिची रचना मात्र विचार करण्याजोगी आहे. चौसष्ट मिलिमीटर व्यासाची चकती एका बंद कवचात असते. यंत्रात गेल्यावरच कवचाची धातूची झडप सरकते. लिहिताना लेसरचा किरण चकतीवरचा अतिसूक्ष्म ठिपका सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, दुसऱ्या बाजूने चुंबक त्या ठिपक्याला दिशा देतो, आणि ठिपका थंड होताना ती दिशा त्याच्यात गोठून राहते. म्हणजे नुसत्या चुंबकाने ती पुसली जात नाही आणि नुसत्या उष्णतेने लिहिली जात नाही. दोहोंची गाठ पडावी लागते. कॅसेटची फीत वर्षांनुवर्षे वाजून झिजते, बुरशीने चिकटते. ही चकती वाजताना तिला काहीही स्पर्श करीत नाही. तिच्यावर सीडीइतकेच, म्हणजे चौऱ्याहत्तर मिनिटांचे संगीत मावते. पुढे ऐंशी मिनिटांच्याही चकत्या निघाल्या.

ही भावंडे धारवाडची. घरात बोली मराठी, अंगणापलीकडे कन्नड. थोरली बहीण ‘आक्का’ आणि धाकटा भाऊ ‘तम्मा’ ही संबोधनेच त्या घराचा पत्ता सांगतात, कारण धाकट्याला कन्नडात तम्मा म्हणायचे आणि रागवायचे मराठीत, ही रीत कृष्णेच्या दक्षिणेकडचीच. ज्या मुलखाने सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी दिले त्या मुलखात संगीताला भाषेचा उंबरठा कधी लागला नाही. ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे पुण्यातल्या रसिकाला आठवून द्यावे लागते. धारवाडात लागत नाही. तम्मा बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि आनेकलला घर बांधून राहिले. यजमान गेल्यावर आक्काही तिथेच आल्या. सोबत आल्या दोन पत्र्याच्या पेट्या भरून कॅसेट. यजमानांना बैठकी मुद्रित करण्याचा नाद होता. आक्कांच्या मुलाने २००८ मध्ये त्या साऱ्या संगणकावर चढवून ठेवल्या. एकशे चाळीस तासांचे गाणे नखाएवढ्या जागेत गेले आणि पेट्या माळ्यावर गेल्या.

पुढे डोळे गेले, आणि गाणे संगणकात असूनही आक्कांना परके झाले. पडद्यावरची यादी दिसत नाही. फोनच्या काचेवर बोट कुठे टेकवावे हे कळत नाही, कारण काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. नातवाने मग आज्ञा ऐकणारा एक बोलका स्पीकर आणून दिला. तो हिंदी समजे, इंग्रजी समजे, पण धारवाडी मराठीतून उच्चारलेली गायकांची नावे त्याच्या पचनी पडत नसत. सकाळचा राग मागावा तर तो चित्रपटगीत लावी. त्याहून मोठी अडचण अशी की तो थांबत नसे. एक संपले की त्याच्या मते त्यासारखे असलेले दुसरे, मग तिसरे. ‘याला घर नाही का जायला?’ असे आक्का एकदा म्हणाल्याचे घरात अजून सांगतात. त्याच आठवड्यात त्यांनी कपाटातून मिनीडिस्कचे यंत्र मागवून घेतले. मुलाने जपानमधून १९९९ मध्ये ते आणले होते, त्याच्या कळा बोटांना पाठ होत्या, आणि दृष्टी असतानाच त्यांनी त्याच्यावर शेकडो तास घालवले होते. संगणकातले गाणे पुन्हा चकत्यांवर आणायचे, असे ठरले. ज्या मार्गाने जग पुढे गेले त्याच मार्गाने एक घर उलट निघाले.

तम्मांनी प्रथम सोपी वाट धरली. मुलाने नंतर पाठवलेले दुसरे यंत्र २००१ नंतरच्या पिढीतले होते. ते तारेने थेट संगणकाला जोडता येई आणि फाइल भराभर चकतीवर उतरत. त्या पिढीच्या मूळ आज्ञावलीत एक मजेदार अट होती. संगणकातले गाणे चकतीवर ‘उसने’ द्यायचे, तेही तीनदाच. चौथ्यांदा हवे असेल तर आधी दिलेले परत करायचे. ग्रंथपालाचा हा कायदा गाण्यांच्या चोरीला आळा घालण्यासाठी होता. आपल्याच पतीने मुद्रित केलेली बैठक आपल्याच घरात ऐकू इच्छिणारी विधवा त्याच्या हिशेबात नव्हती. आता ती आज्ञावली कालबाह्य झाली आहे आणि स्वयंसेवकांनी लिहिलेल्या मुक्त आज्ञावली तिचे काम करतात. तम्मांनी जुन्याच आज्ञावलीने, जुनाच संगणक काढून, एका दुपारी पाच चकत्या भरल्या.

आक्कांनी दुसऱ्या दिवशी पहिली ऐकली आणि म्हणाल्या, ‘तंबोरा पातळ झालाय रे तम्मा.’

त्यांना खरोखर फरक ऐकू आला, की भावाने काम लवकर उरकले याचा संशय कानात शिरला, हे ठरवणे कठीण. परंतु त्यांच्या म्हणण्याला तांत्रिक आधार आहे. मिनीडिस्कवर सीडीतल्या माहितीचा सुमारे पाचवा हिस्साच साठतो. उरलेला ‘मानवी कानाला नाही तरी ऐकू आला नसता’ अशा गणिताने गाळलेला असतो. मोठ्या आवाजाच्या सावलीत त्याच्या शेजारचा बारीक आवाज कानाला कळत नाही, या शोधावर ते गणित उभे आहे, आणि ते खोटे नाही. पण तारेच्या जलद वाटेने उतरलेली फाइल त्याहूनही निम्म्याहून कमी माहितीत आधीच दाबली जाई आणि मग पूर्ण दर्जाच्या मापात बसवली जाई. डबा मोठा, आतला ऐवज लहान. शिवाय संगणकातल्या फाइलसुद्धा २००८ मध्ये जागा वाचवण्यासाठी दुसऱ्या एका गणिताने दाबलेल्या. दोन वेगवेगळ्या परीटांनी एकच उपरणे पिळावे, तसे काहीसे. तंबोऱ्याच्या तारेतून निघणारा षड्ज म्हणजे एक स्वर नव्हे. त्याच्या सावलीत असंख्य सूक्ष्म स्वर उमलत असतात आणि हिंदुस्थानी गायक त्याच सावलीत बसून गातो. सावलीतले टाकून द्यावे, हे तत्त्व या संगीताला कितपत मानवेल याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. आपले समीक्षक घराण्यांच्या वादात रमले आणि कान कोणी घडवायचा हा प्रश्न कंपन्यांवर सोडून मोकळे झाले.

तम्मांनी मग लांबची वाट घेतली. संगणकातून प्रकाशतंतूची तार १९९९च्या यंत्रात लावायची, इकडे गाणे वाजवायचे आणि तिकडे यंत्राने ते लिहून घ्यायचे. या वाटेने चौऱ्याहत्तर मिनिटांच्या गाण्याला चौऱ्याहत्तर मिनिटेच लागतात. मधून उठून जाता येत नाही, कारण राग बदलला की नवी खूण घालावी लागते. यंत्र ती आपोआप घालू शकते. दोन सेकंद शांतता ऐकू आली की ते समजते, एक चीज संपली, दुसरी आली. पण बैठकीच्या मुद्रणात अशी शांतता येतच नाही. गायक थांबतो, तबला थांबतो, कोणी पाणी पितो, पण तंबोरा चालूच असतो. तासभर ऐकूनही यंत्राला कापायला जागा सापडत नसे. नव्या रागाची चाहूल तम्मांनाच घ्यावी लागे आणि कळ दाबावी लागे. चाळीस वर्षे यंत्रांच्या मोजमापात घालवलेल्या त्या गृहस्थांनी मेव्हण्यांचे संगीतप्रेम नेहमी लांबून, थोड्या चेष्टेने पाहिले होते. सत्तराव्या वर्षी ते पूरिया आणि मारव्यात फरक करू लागले. चुकले की आतून आवाज येई, ‘अजून तोच चाललाय की!’

जुन्या कॅसेटचे मुद्रण एकाच वाहिनीचे. तसे घेतले तर चकतीवर दुप्पट, म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस मिनिटे मावतात. तम्मांनी काटकसर म्हणून एक चकती तशी भरून पाहिली. आक्कांना ती रुचली नाही. तीन खाचांची चकती संध्याकाळच्या दिव्याबरोबर सुरू करावी आणि जेवणाच्या आधी संपावी, हा त्यांचा हिशेब. ही तर रात्र झाली तरी संध्याकाळच गात बसली. तेव्हापासून पुन्हा चौऱ्याहत्तर.

माध्यमाने गाण्याला माप द्यावे, यात नवे काही नाही. गौहरजानने १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हा तिला रागाचे सारे वैभव तीनेक मिनिटांत बसवावे लागले, आणि शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारावे लागले. तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला घडवली जाणार होती आणि तिथल्या कारागिराला गाणे कोणाचे हे कळण्याचा तोच मार्ग होता. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना तीन मिनिटांची तक्रार कोणाला आठवत नाही. ते संक्षेपीकरण गायकाने केलेले होते. काय गाळायचे ते त्याच्या गळ्याने ठरवले होते. नंतरच्या यंत्रांनी गाळण्याचे काम गायकाकडून काढून गणिताकडे दिले, आणि वेळ मात्र अमर्याद करून टाकला. यातला कोणता तोटा मोठा, हे सांगायला गौहरजानची पिढी उरली नाही.

नावाचा प्रश्न मिनीडिस्कवरही सुटलेला नाही. प्रत्येक तुकड्याला शीर्षक देण्याची सोय आहे. एका चकतीवर सुमारे १,७०० अक्षरे बसतात. अक्षरे रोमन, फार तर जपानी. देवनागरी नाही, कन्नडही नाही. संगणकात ‘मियाँमल्हार’ असे स्पष्ट दिसणारे नाव चकतीवर जाताना रोमन लिपीत मोडूनतोडून लिहावे लागते. होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी आहे, तिथे जगाच्या यंत्रांसाठी आज्ञावली लिहिणारी हजारो माणसे कानांत यंत्रे खोचून बसमधून जातात-येतात, आणि तिथून काही कोसांवर एक निवृत्त गृहस्थ ‘भूप’ रोमनमध्ये कसा लिहावा या विचारात पडतो. आक्कांना यातले काही वाचायचे नसते हे त्याला माहीत आहे. तरी तो लिहितो.

माणसाने गाणे चकतीवर चढवून दूर पाठवल्याचे सर्वांत धाडसी उदाहरण १९७७ मधले आहे. व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली गेली आणि तिच्यात गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. त्या तबकडीची योजना करणाऱ्यांचा एक सुज्ञपणा फारसा सांगितला जात नाही. त्यांनी तबकडीसोबत ती वाजवायची सुई आणि तिचे बैठकीचे साधन पाठवले, आणि ती कशी फिरवावी हे वेष्टनावर चित्रांनी कोरले. गाणे एकटे प्रवास करीत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आनेकलच्या घरातले जुने यंत्र आता कधीकधी चकती ओळखायला नकार देते. सोनीने हिंडता-फिरता वापरायची मिनीडिस्क-यंत्रे विकणे २०११ मध्ये थांबवले, घरगुती यंत्रे २०१३ मध्ये आणि कोऱ्या चकत्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये. ही शेवटची बातमी तम्मांनी आक्कांना सांगितली तेव्हा फळीवर सत्तावीस डब्या होत्या आणि कपाटात कोरी चकती एकही नव्हती.

अठ्ठाविसावी होती, पण ती कोरी नव्हती. तिच्या कवचाची पुसण्यास मज्जाव करणारी बारीक कडी सरकवून ठेवलेली होती. त्या चकतीवर आई होती. धारवाडच्या घरात २००० सालच्या दिवाळीत आक्कांनी यंत्राला छोटा मायक्रोफोन लावून आईच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या होत्या, बावीस मिनिटे. पुढच्या वर्षी आई गेली. साऱ्या घरातला संगणकात नसलेला आवाज तेवढाच. त्या काळचे नियमच असे होते की संगणकातून चकतीवर गाणे नेता येई, पण चकतीवर आपण स्वतः मुद्रित केलेले परत संगणकात उचलून घेता येत नसे. ती सोय सोनीने २००६ मधल्या एका यंत्रात दिली; ते या घरात नाही.

आक्कांना हवी होती १९८१ सालची एक घरगुती बैठक, यजमानांनी मुद्रित केलेली, पन्नास मिनिटांची. ‘आईच्या पुढं जागा आहे ना? तिथं घाल,’ त्या म्हणाल्या. तम्मा तयार होईनात. मिनीडिस्कच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत, याची ती नोंद. नवे काही लिहिले की मुद्रण थांबल्यावर यंत्र ती नोंद पुन्हा लिहिते. आवाज चकतीवर असला आणि नोंद बिघडली, तर यंत्राच्या लेखी चकती कोरीच. मागच्या पावसाळ्यात नेमके त्याच क्षणी वीज गेली होती, बॅटरी उतरलेली होती, आणि एकसष्ट मिनिटांचे मुद्रण नाहीसे झाले होते. ते संगणकावरून पुन्हा घेता आले. हे घेता आले नसते.

तेव्हा आधी उलटा प्रवास. यंत्राच्या कानाच्या भोकातून साधी तार काढून संगणकाला जोडली आणि आईला वाजू दिले. बावीस मिनिटांना बावीस मिनिटे. ओव्या संथ होत्या, ओवीनंतर दम घेण्यापुरती फट होती, आणि त्या फटींत घर ऐकू येत होते. कुकरची शिटी. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला तरी कन्नडात मारलेली हाक. एका फटीत पुरुषाचे खोकणे, आणि लगेच आक्कांचाच, पंचवीस वर्षांनी तरुण असलेला आवाज, ‘हळू, मुद्रण चाललंय.’ मोठ्या आवाजाच्या सावलीत असते तर गणिताने हे गाळले असते. आई श्वास घेत होती म्हणून ते राहिले. आक्का हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. ‘यांना तेव्हापासूनच खोकला होता,’ एवढेच त्या म्हणाल्या. तम्मांनी फाइल तीन ठिकाणी जतन केली, मग कडी उघडली.

पन्नास मिनिटांची बैठक आईच्या मागोमाग चकतीवर उतरत असताना दोघांपैकी कोणी उठले नाही. बाहेर शाळा सुटली होती. भैरवी संपली, तंबोराही थांबला, आणि फितीवर मेव्हण्यांनी मुद्रण बंद केल्याचा खट्ट आवाज आला. तम्मांनी कळ दाबली. यंत्राच्या इवल्या पडद्यावर अनुक्रमणिका लिहिली जात असल्याची खूण लुकलुकू लागली. या वेळी यंत्राला धक्का लागता कामा नये.

‘लुकलुकतंय का अजून?’

‘अजून.’

आक्कांनी टेबलाच्या कडेवर ठेवलेला हात अलगद काढून घेतला.